दिवा आणि दोरखंड

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे लेखरूप)



समारंभांतील भाषणांमध्ये ‘दीपस्तंभ’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. गुरूला दीपस्तंभ म्हणतात, ग्रंथाला म्हणतात, संस्थेला तर हमखास म्हणतात. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेलाही ही उपमा अनेकदा दिली जाणार, यात नवल नाही. पण ती देताना डोळ्यांपुढे उभा राहतो तो फक्त प्रकाश. त्या दिव्यात तेल कोणी घातले, ते तेल खडकापर्यंत कसे आले, भिंगावरची काजळी कोणी पुसली, तिथे राहणाऱ्या माणसाला पीठ आणि पाणी कोणी पोचवले, हे प्रश्न उपमेच्या बाहेरच राहतात. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण दीपस्तंभालाही लागू पडते. प्रकाश सर्वांना दिसतो. पुरवठा कोणालाच दिसत नाही.

वास्तविक दूरच्या दीपस्तंभाचा इतिहास हा जितका प्रकाशाचा, तितकाच होड्यांचा, पिंपांचा, दोरखंडांचा आणि नोंदवह्यांचा इतिहास आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात असलेल्या फ्लॅनन बेटांवरील दीपस्तंभाची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ही हकिगत जगभर सांगितली जाते ती एक गूढकथा म्हणून. परंतु तिच्यातील गूढाचा भाग बाजूला ठेवला, तर उरते ती रोजच्या कामाची आणि त्या कामासाठी मोजलेल्या किमतीची गोष्ट.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील दिव्यांची जबाबदारी १७८६ साली स्थापन झालेल्या नॉर्दर्न लाइटहाउस बोर्डाकडे आहे. या बोर्डाचे अभियंतेपद स्टीव्हन्सन घराण्याने पिढ्यान्पिढ्या सांभाळले. भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या बेल रॉक या खडकावर रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी मनोरा उभारला आणि १८११ च्या फेब्रुवारीत तिथे दिवा लागला. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचेच नातू. फ्लॅनन बेटांवरच्या दीपस्तंभाचा आराखडा केला तो या कादंबरीकाराचे चुलतभाऊ डेव्हिड ॲलन स्टीव्हन्सन यांनी. समुद्राशी झुंजण्याचा वारसा एका घरात असा नांदत होता.

फ्लॅनन हा लहान लहान बेटांचा समूह. लुईस या मोठ्या बेटाच्या पश्चिमेला सुमारे ३२ किलोमीटरवर तो आहे. त्यातल्या त्यात मोठे बेट म्हणजे एलन मोर. गेलिक भाषेत या नावाचा अर्थच ‘मोठे बेट’ असा. मोठे म्हणायचे, पण त्याचे क्षेत्रफळ अवघे साडेसतरा हेक्टर. बेटावर झाड नाही, वस्ती नाही. एका जुन्या प्रार्थनामंदिराचे अवशेष, गवत आणि समुद्रपक्षी. चहूबाजूंनी उभे कडे. अशा ठिकाणी १८९५ ते १८९९ या काळात २३ मीटर उंचीचा मनोरा बांधला गेला. बांधकामाचे सर्व साहित्य होड्यांतून आणून सुमारे ४५ मीटर उंचीच्या कड्यांवरून वर ओढून घ्यावे लागले. ७ डिसेंबर १८९९ रोजी दिवा प्रथम पेटला.

या बांधकामाच्या खर्चाची विगत लक्ष देण्याजोगी आहे. मनोरा, धक्के, पायऱ्या, रूळ असे बेटावरचे सगळे काम ६,९१४ पौंडांत झाले. त्याखेरीज लुईसच्या किनाऱ्यावर ब्रेस्क्लेट येथे ३,५२६ पौंड खर्चून एक ठाणे उभारण्यात आले. रखवालदारांची कुटुंबे तिथे राहत. म्हणजे बेटावर जेवढा खर्च झाला, त्याच्या निम्मी रक्कम बेटाबाहेर, किनाऱ्यावर खर्च झाली. दिवा खडकावर लागतो, पण त्याचे मूळ किनाऱ्यावर असते, हे त्या अभियंत्यांना नेमके ठाऊक होते.

बेटावर उतरण्यासाठी दोन धक्के होते, एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा. वारा ज्या बाजूने नसेल त्या बाजूला होडी लावायची. कड्यात पायऱ्या खोदलेल्या होत्या. सामान उचलण्यासाठी यारी होती. तिथून दीपस्तंभापर्यंत चढावर रूळ टाकलेले होते आणि त्यांवरून चारचाकी लहान गाडा तारेच्या दोराने ओढला जाई. दीपस्तंभाशेजारच्या छपरीतले वाफेचे छोटे इंजिन हा दोर ओढत असे. दिव्याला वर्षाला वीस पिंपे पॅराफिन लागे. ती सगळी पिंपे, रखवालदारांचे धान्य, नवे सुटे भाग, पत्रे, सर्व काही याच वाटेने वर येई. दोन्ही धक्क्यांकडे जाणारे रूळ बेटाच्या मध्यावर जिथे फुटत, त्या जागेला रखवालदारांनी लंडनमधील गजबजलेल्या स्थानकावरून ‘क्लॅपम जंक्शन’ असे नाव ठेवले होते. निर्जन बेटावरही माणसाची विनोदबुद्धी शाबूत राहते, याची ही खूण.

कामाची व्यवस्था अशी होती. एकूण चार रखवालदार. त्यांपैकी तीन बेटावर आणि एक आळीपाळीने किनाऱ्यावर. सहा आठवडे बेटावर आणि दोन आठवडे घरी, असा क्रम. ‘हेस्परस’ नावाची आगबोट साधारण दर पंधरवड्याने सामान आणि बदलीचा माणूस घेऊन येई. ती यायची म्हटली की रखवालदार ध्वजस्तंभावर निशाण चढवत, रिकामे खोके धक्क्यावर आणून ठेवत आणि होडी लावून घ्यायला खाली उतरत. रोज हवेचा दाब, तापमान आणि वाऱ्याची दिशा आधी पाटीवर टिपून ठेवत. मग ती नोंद वहीत पक्की करत. दिवसा काच पुसणे, दिवे साफ करणे, वात कातरणे, तेल भरणे. रात्री पाळीपाळीने जागणे. ‘दिवा लावणे’ या दोन शब्दांमागे एवढे काम असते.

दिवा लागून एक वर्ष झाले. १९०० सालच्या डिसेंबरात बेटावर तिघे होते: मुख्य रखवालदार जेम्स डकट, त्यांचे सहायक थॉमस मार्शल आणि आजारी असलेल्या सहकाऱ्याच्या जागी आलेले हंगामी रखवालदार डोनाल्ड मॅकआर्थर. बदलीला जाणारे जोसेफ मूर किनाऱ्यावर होते. ७ डिसेंबरला बोर्डाचे अधीक्षक रॉबर्ट म्यूरहेड बेटावर येऊन पाहणी करून गेले. निघताना त्यांनी तिघांशी हस्तांदोलन केले.

१५ डिसेंबरच्या रात्री त्या बाजूने जाणाऱ्या ‘आर्कटर’ या आगबोटीवरील लोकांच्या लक्षात आले की फ्लॅननचा दिवा दिसत नाही. ती आगबोट १८ तारखेला लीथ बंदरात पोचली. लुईसच्या किनाऱ्यावरही दिवा दिसतो की नाही, हे पाहून टिपून ठेवण्यासाठी एक माणूस नेमलेला होता. पण त्या समुद्रावर धुके आणि पाऊस यांमुळे दिवा दिसेनासा होणे ही नेहमीचीच गोष्ट होती. दिवा न दिसण्याची सवय झालेल्या डोळ्यांना, तो खरोखरच विझला आहे हे कळणे कठीण जाते. एकूण काय, दिवा विझल्याचे समुद्रावर दिसले होते, तो दिसत नव्हता हे किनाऱ्यावरही ठाऊक होते. पण मदत म्हणून काहीही त्या बेटापर्यंत पोचले नाही. २० तारखेला निघायची ‘हेस्परस’ही खवळलेल्या समुद्रामुळे अडकून पडली.

अखेर २६ डिसेंबरला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, ‘हेस्परस’ एलन मोरपाशी आली. कप्तान जेम्स हार्वी यांनी भोंगा वाजवला, दारूचा बाण उडवला. उत्तर नाही. ध्वजस्तंभावर निशाण नव्हते. धक्क्यावर रिकामे खोके नव्हते. होडी लावून घ्यायला कोणी नव्हते. काहीतरी विपरीत घडले आहे हे सर्वांना कळले ते या रिकाम्या धक्क्यावरून. रोजच्या रीतीचा हाही एक उपयोग असतो: ती मोडली की दुरूनही दिसते.

मूर एकटेच किनाऱ्यावर उतरले आणि चढण चढून वर गेले. फाटक बंद, दार बंद. आत चूल थंड, घड्याळ थांबलेले, बिछाने सकाळी उठून गेल्यासारखे. ते धावत खाली आले आणि आणखी माणसे घेऊन परत वर गेले. तेव्हा दिसले की दिवे स्वच्छ पुसलेले आहेत, तेल भरलेले आहे, स्वयंपाकघरातील भांडी घासून ठेवलेली आहेत. तिघांपैकी एकाचा पावसाळी अंगरखा खुंटीवरच होता. वहीतील पक्की नोंद १३ डिसेंबरपर्यंतची होती. पाटीवरचे शेवटचे टिपण मात्र १५ डिसेंबर, सकाळी नऊ वाजताचे. सकाळची सर्व कामे आटोपलेली होती. संध्याकाळी दिवा लावायला मात्र कोणी उरले नव्हते.

या हकिगतीत पुढे जे घडले, ते गूढकथा सांगणारे बहुधा गाळतात. मूर यांचे तीन सोबती क्षणार्धात नाहीसे झाले होते. काय झाले ते कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही मूर त्याच बेटावर थांबले. त्यांच्याबरोबर आगबोटीवरचे तिघेजण स्वखुशीने राहिले. बाकीचे खलाशी ही वार्ता तारेने कळवण्यासाठी परत गेले. त्या रात्री, ज्या घरात हाक मारली तर ओ द्यायला कोणी नव्हते, त्या घराच्या माथ्यावर पुन्हा दिवा लागला. भरलेले तेल तयारच होते. गेलेल्यांनी ते भरून ठेवले होते.

२९ डिसेंबरला म्यूरहेड चौकशीसाठी बेटावर आले. पूर्वेचा धक्का सुस्थितीत होता. पश्चिमेच्या बाजूला मात्र समुद्राने हाहाकार केला होता. लोखंडी कठडे वाकले होते, रूळ उखडले होते, टनाहून अधिक वजनाचा दगड जागचा हलला होता. साठ मीटरहून उंच असलेल्या कड्याच्या माथ्यावरचे गवतसुद्धा काठापासून दहा मीटरपर्यंत खरवडून निघाले होते. आणि समुद्रसपाटीपासून ३३ मीटर उंचीवर, खडकाच्या खाचेत ठेवलेली एक लाकडी पेटी फुटून तिच्यातले सामान विखुरले होते.

त्या पेटीत होते होडी बांधण्याचे आणि सामान उतरवण्याचे दोरखंड.

म्यूरहेड यांनी जानेवारी १९०१ मध्ये अहवाल दिला. त्यांचा निष्कर्ष असा की, शनिवार दि. १५ डिसेंबरच्या दुपारी तिघे ही पेटी सुरक्षित करण्यासाठी पश्चिमेच्या धक्क्याकडे गेले आणि अनपेक्षितपणे उसळलेल्या प्रचंड लाटेने त्यांना ओढून नेले. त्यांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत. मॅकआर्थर यांचा अंगरखा मागे का राहिला, याचे उत्तर कोणत्याही अहवालात मिळणार नाही. पण घाईने, अंगावर काही न घेता माणूस कधी बाहेर धावतो, हे सांगायला अहवाल लागत नाही. डकट यांच्या मागे पत्नी व चार मुले, मॅकआर्थर यांच्या मागे पत्नी व दोन मुले होती. त्या तिघांची निवड आणि नेमणूक यांच्याशी संबंध असलेल्या आणि अवघ्या आठवड्यापूर्वी त्यांचा हात हाती घेतलेल्या अधीक्षकाने हा अहवाल लिहिला. त्यात कल्पनेचे अलंकार नाहीत. जे दिसले ते लिहिले, जे त्यातून निघते तेवढेच मांडले.

अलंकार चढवले ते नंतरच्यांनी. १९१२ साली एका इंग्रज कवीने या घटनेवर कविता लिहिली आणि तिच्यात मांडलेले, पण न खाल्लेले जेवण आणि उलटी पडलेली खुर्ची आली. भांडी घासलेली होती, हे वास्तव मागे पडले. पुढे रखवालदारांच्या रोजनाम्यातील म्हणून रडण्याच्या आणि प्रार्थनेच्या नोंदीही छापल्या गेल्या. त्या बनावट होत्या. समुद्री राक्षस, परके हेर, वेडाचा झटका, काय वाटेल ते जोडले गेले. घासलेल्या भांड्यांपेक्षा उलटी पडलेली खुर्ची सांगायला सोपी आणि ऐकायला रोचक असते. पण त्या तिघांविषयी सर्वांत मोठी गोष्ट सांगतात ती घासलेली भांडीच. पाटीवरचे ते नऊ वाजताचे टिपण हेच त्यांचे खरे स्मारक. ज्या शाळेत मुलांच्या हाती पहिल्यांदा पाटी दिली जाते, त्या शाळेला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या घटनेतील मर्म त्या पेटीत आहे. तिघे रखवालदार दिवा वाचवायला गेले नव्हते. दिवा सुरक्षित होता. ते गेले होते दोरखंड वाचवायला. कारण दोरखंड गेले तर पुढची होडी लागणार नव्हती. होडी लागली नाही तर तेल येणार नव्हते. आणि तेल आले नाही तर दिवा एक दिवस आपोआपच विझणार होता. सामान्य माणसाला दिवा दिसतो. रखवालदाराला दिव्यापर्यंत येणारा दोर दिसतो.

पुढे काळ बदलला. १९२५ साली या बेटाला किनाऱ्याशी जोडणारा बिनतारी संदेश आला. तो पंचवीस वर्षे आधी आला असता, तर निदान दहा-अकरा रात्री समुद्र अंधारात राहिला नसता. १९६० च्या दशकात रूळ काढून त्यांच्या पायावरून तीन चाकांची मोटारगाडी धावू लागली. मग हेलिकॉप्टर उतरण्याची जागा झाली आणि २८ सप्टेंबर १९७१ रोजी दिवा स्वयंचलित होऊन शेवटचे रखवालदार बेट सोडून गेले. तरीही देखभाल संपली नाही. यंत्र तपासायला, काच पुसायला माणसाला आजही तिथे जावेच लागते. ‘स्वयंचलित’ हा शब्द फसवा आहे. आपोआप चालते असे काहीही नसते. फक्त चालवणाऱ्याच्या फेऱ्या कमी होतात.

भारताच्या किनाऱ्यावरही या कथेची भावंडे आहेत. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोर समुद्रात खांदेरीचा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तो बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी यांच्या आरमारांची नजर चुकवून बेटावर रसद पोचवणे हीच खरी लढाई होती. त्याच बेटावर १८६७ मध्ये दीपस्तंभ उभा राहिला. आज तो कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जातो. मुंबईच्या कुलाब्याच्या टोकाशी खडकावरचा प्राँग्स दीपस्तंभ १८७५ चा, आणि दूर लक्षद्वीपमधील मिनिकॉयचा १८८५ चा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी वाट पाहतात. दिव्याला मात्र चातुर्मास नसतो. ज्या दिवसांत होडी जाऊ शकत नाही, नेमक्या त्याच दिवसांत दिव्याची गरज अधिक असते. म्हणून शिधा आणि तेल आधी भरून ठेवावे लागते.

महाराष्ट्रापासून दूर, वेगळ्या भाषेच्या प्रदेशात मराठी माध्यमाची शाळा चालवणे हे बेटावरच्या दिव्यापेक्षा फार निराळे नाही. इथेही प्रकाश सर्वांना दिसतो: गुणवत्ता यादी, स्नेहसंमेलन, मोठ्या पदांवर पोचलेले विद्यार्थी. दोर मात्र दिसत नाही. मराठी पुस्तके वेळेवर आणणे हा दोर आहे. मराठीतून गणित आणि विज्ञान शिकवू शकणारा शिक्षक मिळणे आणि टिकणे हा दोर आहे. घरी मुलाशी मराठीत बोलणारी आजी हा दोर आहे. शेजारी सगळे दुसऱ्या माध्यमाकडे जात असताना प्रवेशाच्या अर्जावर सही करणारे आईवडील हा तर सर्वांत ताणलेला दोर आहे. हे दोरखंड ज्या पेटीत आहेत, तिच्यापर्यंत लाटा पोचू लागल्या आहेत, हे हीरक महोत्सवाच्या आनंदातही नाकारण्यात अर्थ नाही.

माजी विद्यार्थ्यांची भूमिका किनाऱ्यावरच्या त्या नेमलेल्या माणसाची आहे. दिवा दिसतो का, याकडे लक्ष ठेवायचे. आणि दिसेनासा झाला तर धुके असेल असे समजून स्वस्थ बसायचे नाही. एखाद्या वर्षी पट घटल्याचे कानावर आले, वाचनालयात नवे पुस्तक नसल्याचे कळले, तर ती बातमी लीथ बंदरातच राहू द्यायची नाही. होडी दर पंधरवड्याला यावी लागते. साठ-पंचाहत्तर वर्षांतून एकदा वाजतगाजत आलेले जहाज दिव्याला पुरत नाही. एखाद्या शनिवारी येऊन दोन तास वाचन घेणे, दरवर्षी एका मुलाच्या पुस्तकांचा भार उचलणे, निवृत्तीनंतर आठवड्याचे चार तास देणे, अशा लहान फेऱ्यांवरच दिवे टिकतात.

२६ डिसेंबर १९०० च्या संध्याकाळी एलन मोरवर जोसेफ मूर दिव्याच्या खोलीत गेले, तेव्हा त्यांना नवे काहीच करावे लागले नाही. काच पुसलेली होती, वात कातरलेली होती, तेल काठोकाठ होते. आधीच्या पाळीचे काम पूर्ण होते. त्यांनी काडी ओढली. समुद्रावरच्या जहाजांना त्या रात्री एवढेच कळले की फ्लॅननचा दिवा लागला आहे.